सलाम सांगा

संत पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रावर शतकानुशतके एवढे भाष्य झाले आहे की, त्या भाष्यांनी एखादे ग्रंथालय सहज भरावे. श्रद्धा, नियमशास्त्र, कृपा, निवड हे सारे गहन विषय पहिल्या अकरा अध्यायांत येतात आणि सेमिनरीत आमचा बहुतेक वेळ त्यांच्यावरच खर्ची पडत असे. शेवटचा, म्हणजे सोळावा अध्याय उरकून टाकण्याचा. त्यात आहेत ती नावे आणि निरोप. अमक्याला सलाम सांगा, तमकीला सलाम सांगा, बस.

उपासनेच्या वाचनक्रमातही त्या अध्यायाची तीच गत झाली आहे. अखेरचे स्तुतिवचन आगमनकाळात तीन वर्षांतून एकदा रविवारी ऐकू येते. नावे मात्र रविवारी कधीच वाचली जात नाहीत. विषम वर्षी, सामान्य काळाच्या एकतिसाव्या आठवड्यातील शनिवारी ती येतात आणि त्या दिवशीही वाचक तिसऱ्या ओवीपासून नवव्या ओवीपर्यंत वाचून एकदम सोळाव्या ओवीवर उडी घेतो. मधल्या सहा ओव्यांतील माणसे आणि पहिल्या दोन ओव्यांतील फिबी वेदीपर्यंत पोहोचतच नाहीत. मला ही गळती खटकते. कारण पहिल्या शतकातील ख्रिस्तसभा प्रत्यक्षात कोणाची बनलेली होती, हे सांगणारा याहून बोलका कागद आपल्याजवळ नाही.

पत्र इ. स. 57 च्या सुमारास करिंथ येथून लिहिले गेले. पौलाने तोवर रोम पाहिलेही नव्हते. तरीही तो तेथील 26 व्यक्तींना सलाम पाठवतो. त्यांपैकी चोवीस जणांची नावे देतो, तर दोन स्त्रियांचा उल्लेख नात्याने करतो: रूफाची आई आणि निरियाची बहीण. ‘सलाम सांगा’ ही आज्ञा तिसऱ्या ओवीपासून सोळाव्या ओवीपर्यंत मूळ ग्रीक भाषेत सोळा वेळा येते. आपल्या जुन्या मराठी भाषांतरकारांनी येथे ‘सलाम’ हा शब्द योजला, हे मला फार उचित वाटते. अरबी ‘सलाम’ आणि प्रभू येशूच्या ओठांवरचा ‘शालोम’ हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघालेले आहेत आणि दोहोंच्या मुळाशी शांती आहे.

न पाहिलेल्या शहरात एवढी ओळखीची माणसे कशी? त्याचे उत्तर प्रिस्का आणि अक्विला या दांपत्यात सापडते. सम्राट क्लौद्य याने यहुद्यांना रोममधून घालवून दिले, तेव्हा (बहुतेक इतिहासकारांच्या मते इ. स. 49 मध्ये) हे तंबू करणारे जोडपे करिंथला आले. तेथे पौल त्यांच्या घरी राहिला व त्यांच्याबरोबर त्याने तोच धंदा केला. पुढे इ. स. 54 मध्ये सम्राट मरण पावल्यावर ती दोघे रोमला परतली आणि त्यांच्या घरात श्रद्धावंत जमू लागले. व्यापाराने, हद्दपारीने, धन्याच्या मागोमाग झालेल्या प्रवासाने ही माणसे एकमेकांना भेटली होती. पौलाला त्यांची नावे कोणा नोंदवहीतून मिळालेली नाहीत. त्याला कोणी आपल्या घरात जेवू घातले होते, कोणी त्याच्याबरोबर बंदिवास भोगला होता. रूफाच्या आईविषयी तो सांगतो की, ती आपल्यालाही आईसारखी झाली. हा रूफ म्हणजे क्रूस वाहणाऱ्या शिमोन कुरेनेकराचा मुलगा असावा, असे अनेक भाष्यकार मानतात. संत मार्क आपल्या शुभवर्तमानात त्या शिमोनाच्या मुलांपैकी एकाचे नाव रूफ असे देतो.

नावांकडे जरा निरखून पाहिले की आणखी काही दिसते. अंप्लियात, हर्मेस, पर्सिस, फिललोगस, निरिया ही नावे त्या काळच्या रोममध्ये विशेषतः गुलामांत आणि गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांत आढळतात. पर्सिस म्हणजे नुसते ‘पारशीण’, पर्शियाकडची बाई. बाजारात विकत घेतलेल्या मुलीला धन्याने ठेवावे तसे नाव. अरिस्तबूल आणि नार्किस यांच्या घरातील मंडळींना सलाम आहे, पण खुद्द त्या दोन धन्यांना नाही. ते बहुधा ख्रिस्ती नव्हतेच. पत्र ज्याने लिहून घेतले तो तर्तीय, म्हणजे ‘तिसरा’, स्वतःचाही सलाम मध्येच घालतो. त्याच्या पाठोपाठ क्वर्त, म्हणजे ‘चौथा’, येतो. माणसाला क्रमांकाने हाक मारणाऱ्या जगातली ही नावे आहेत. पौल त्या क्वर्ताला ‘बंधू’ म्हणतो.

या 26 जणांत नऊ स्त्रिया आहेत. प्रभूसाठी फार श्रम केले, अशी नोंद पौलाने येथे चौघांविषयी केली आहे: मरिया, त्रुफैना, त्रुफोसा आणि पर्सिस. चौघीही स्त्रियाच. युनियाला तर तो प्रेषितांमध्ये नामांकित म्हणतो. संत जॉन ख्रिसोस्तोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस तिची स्त्री म्हणूनच मुक्तकंठाने स्तुती केली, पण पुढे कित्येक भाषांतरांनी तिच्या नावाला पुरुषी रूप देऊन टाकले. फिबी ही करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातील ख्रिस्तसभेची सेविका. पौल तिची शिफारस करतो, यावरून पत्र रोमला तीच घेऊन गेली, असा तर्क सर्वमान्य झाला आहे.

आता हा सलाम कसा करावयाचा, ते पौल सोळाव्या ओवीत सांगतो: पवित्र चुंबनाने. हीच सूचना करिंथकरांस लिहिलेल्या दोन्ही पत्रांत आणि थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. संत पेत्राच्या पहिल्या पत्रातही प्रीतीच्या चुंबनाचा उल्लेख येतो. आपल्या कानांना हे थोडे अवघड वाटते. परंतु रोमन समाजात भेटीचे चुंबन परिचित होते. प्रश्न होता तो कोणी कोणाला द्यावे, याचा. पहाटे आश्रित माणसाने टोगा चढवून आपल्या आश्रयदात्याच्या दारात मुजऱ्याला उभे राहावे, त्याने वाटलेली शिधा-दक्षिणा घ्यावी, हा तेथील नित्याचा शिष्टाचार. कोणाला आत घ्यावे, कोणाला अंगणात ताटकळत ठेवावे, कोणाकडून हात चुंबून घ्यावा आणि कोणाच्या गालाला गाल लावावा, हे सारे दर्जावरून ठरे. उच्चवर्गीयांत या चुंबनांचे एवढे प्रस्थ वाढले होते की, सम्राट तिबेर्य याने आज्ञापत्र काढून रोजच्या चुंबनाला बंदी घातली होती, असे सुएतोनियस हा चरित्रकार लिहितो. भावाभावांत, मायलेकरांत चुंबन घरोघरी चालेच. ख्रिस्ती लोकांनी जे केले ते एवढेच की, घरातले हे चुंबन त्यांनी घराबाहेर नेले. ज्याच्याशी रक्ताचे नाते नाही, जो आपल्या दर्जाचा नाही, कदाचित जो दुसऱ्याच्या मालकीचा आहे, त्यालाही ते दिले जाऊ लागले.

इ. स. 155 च्या सुमारास संत जस्तिन यांनी सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती धर्माचे समर्थन लिहिले. त्यात उपासनेचे वर्णन करताना ते सांगतात की, प्रार्थना संपल्यावर आम्ही चुंबनाने एकमेकांना अभिवादन करतो आणि मग भाकर व प्याला आणला जातो. म्हणजे अर्पणाच्या आधी सलोखा. तिसऱ्या शतकातील सिरियातल्या ‘दिदास्कालिया’ या नियमग्रंथानुसार डीकनने त्या वेळी मोठ्याने विचारावयाचे असे की, कोणाच्या मनात आपल्या बांधवाविरुद्ध काही आहे का. त्याच ग्रंथात बिशपांना एक आदेश आहे, जो मला प्रत्येक धर्मगुरूच्या निवासात लावून ठेवावासा वाटतो: उपासनेत एखादा गरीब म्हातारा वा म्हातारी आली आणि जागा नसेल, तर बिशपाने तिला जागा करून द्यावी, मग स्वतःला जमिनीवर बसावे लागले तरी चालेल.

सगळे एवढे सुरळीत होते असे मात्र समजू नये. अलेक्झांड्रियाचे क्लेमेंत दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तक्रार करतात की, काही लोक चुंबनांच्या आवाजाने प्रार्थनागृह दणाणून सोडतात आणि अंतरात प्रेमाचा पत्ता नसतो. अथेनागोरस यांनी, सुखासाठी दुसऱ्यांदा चुंबन घेणाऱ्याला पापाची जाणीव करून दिली. लवकरच पुरुषांनी पुरुषांना व स्त्रियांनी स्त्रियांना अभिवादन करावे, असा नियम झाला. दीक्षार्थींना बाप्तिस्म्यापूर्वी हे चुंबन मिळत नसे; पाण्यातून बाहेर आल्यावरच ते भाऊ किंवा बहीण म्हणून स्वीकारले जात.

या संदर्भात कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांचे एक पत्र वाचण्याजोगे आहे. इ. स. 253 च्या सुमारास फिदुस नावाच्या बिशपाने असे मत मांडले की, बाळाला आठव्या दिवसाआधी बाप्तिस्मा देऊ नये. एक कारण त्याने असे दिले की, नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा पाय शुद्ध नसतो, त्याचे चुंबन घ्यायला कोणालाही किळस येईल. आपल्याकडील सुवेर पाळण्याची चाल ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा युक्तिवाद परका वाटणार नाही. सिप्रियन व त्यांच्यासह जमलेल्या 66 बिशपांनी तो एकमुखाने फेटाळला. देवाच्या हातातून नुकत्याच आलेल्या जिवाला ओठ लावताना किळस कसली, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. एका सलामाच्या प्रश्नातून शुद्ध-अशुद्धाचा केवढा मोठा प्रश्न निकालात निघाला!

नाव घेऊन सलाम पोहोचवण्याची रीतही चालू राहिली. इजिप्तमधील ऑक्सिरिंकस या नगराच्या उकिरड्यांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हजारो पपायरस-तुकडे निघाले. त्यांत तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती शिफारसपत्रे आहेत. एका पत्रात एका गावचे वडील, सोतास नावाच्या बिशपांना विनवतात की, आमच्याकडून येणाऱ्या या भगिनीला शांतीने स्वीकारावे, आणि तिच्यासोबतच्या माणसालाही, जो सध्या उत्पत्तीच्या पुस्तकाचे शिक्षण घेत आहे. दोनचार ओळींचा कागद. तेवढ्यावर परक्या गावात दार उघडले जाई. पुढे या पत्रांना ‘शांतिपत्रे’ असे नावच पडले.

सलामाची किंमत कार्थेजच्या रिंगणात दिसली. 7 मार्च 203 रोजी तेथे पर्पेत्वा व फेलिसिती यांना त्यांच्या सोबत्यांसह श्वापदांपुढे टाकले. पर्पेत्वा बावीस वर्षांची, खानदानी घरातील, लिहिती-वाचती. फेलिसिती गुलाम, तुरुंगात नुकतीच बाळंत झालेली. त्यांच्या हौतात्म्याचा वृत्तान्त सांगतो की, माजलेल्या गाईने फेलिसितीला खाली पाडले तेव्हा पर्पेत्वा तिच्याजवळ गेली, तिला हात दिला आणि उठवून उभे केले. नंतर तलवारीने वध होण्याआधी त्या साऱ्यांनी एकमेकांचे चुंबन घेतले. शांतीच्या विधीने आपले हौतात्म्य पूर्ण व्हावे म्हणून, असे लेखक मुद्दाम नमूद करतो. ज्या समाजात या दोघी एका पंगतीला बसू शकल्या नसत्या, त्याच समाजाच्या हजारो डोळ्यांसमोर हे घडले. पहिल्या ख्रिस्तप्रसाद-प्रार्थनेत आपण त्या दोघींची नावे अजून घेतो.

पुढची कथा मी थोडक्यात सांगतो, कारण ती आटत जाण्याची कथा आहे. इ. स. 416 मध्ये पोप पहिले इनोसंत यांनी गुब्बियोचे बिशप देचेन्तियुस यांना लिहिले की, शांतीचे अभिवादन पवित्र रहस्ये पार पडल्यावरच व्हावे; तेव्हापासून रोमन विधीत ते कम्युनियनजवळ स्थिरावले. पौर्वात्य विधींत ते अर्पणाआधीच राहिले. मध्ययुगात शांती वेदीवरून खाली, श्रेष्ठाकडून कनिष्ठाकडे उतरू लागली. तेराव्या शतकापासून चुंबनासाठी एक चित्रित फळी फिरवण्यात येऊ लागली, पोर्तुगीज जिला ‘पोर्ता-पाज’ म्हणत. आणि ती आधी कोणाकडे जावी यावरून मानपानाची भांडणे होऊ लागली. सलाम पुन्हा दर्जाच्या दारात जाऊन उभा राहिला. आपणही त्या वाऱ्यापासून दूर नव्हतो: गोव्यातील कित्येक गावांत चर्चच्या कोन्फ्रारियांचे सभासदत्व जातीवर ठरत असे. कालांतराने साध्या मिस्सेत श्रद्धावंतांमधील शांतीची देवघेव जवळजवळ बंद पडली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर पोप सहावे पॉल यांनी 1969 साली नवी मिस्साविधी प्रसृत केली आणि ती देवघेव सर्व श्रद्धावंतांना परत मिळाली. भारतातील बिशपांनी आपल्या संस्कृतीला साजेशी बारा रूपांतरे मागितली होती; रोमने 25 एप्रिल 1969 रोजी त्यांना मान्यता दिली. चुंबनाऐवजी काय करावे, हेही त्यांत आले. पहिला प्रकार अंजलीचा, म्हणजे हात जोडून नमस्कार करण्याचा. तो सुंदर आहे, आपला आहे. फक्त एवढेच की, नमस्कार दुरूनही करता येतो, हात न लावता. आणि ज्या देशात हात न लावणे हाच हजारो वर्षे अनेकांचा अपमान होता, त्या देशात ही गोष्ट क्षुल्लक नाही. बिशपांना ती जाणवली होती की नाही, कोण जाणे. पण त्याच परवानगीत दुसरा प्रकारही दिलेला आहे: देणाऱ्याने आपले दोन्ही हात घेणाऱ्याच्या दोन हातांत ठेवावे. 2020 च्या साथीत पुष्कळ ठिकाणी शांतीची देवघेवच थांबवण्यात आली आणि परतताना ती बहुधा नमस्काराच्या रूपानेच परतली. दुसऱ्या प्रकाराची परवानगी अद्याप आहे. ती वापरलेली मी फार थोड्या धर्मग्रामांत पाहिली आहे.