नामसंदिग्धता, संगणकीय भाषांतील
एखादे नाव चलाचे आहे की कार्यविधी चालविण्याची आज्ञा आहे, हे केवळ लेखनावरून न कळण्याची स्थिती. जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ या संगणकासाठी सिद्ध केलेल्या फोर्ट्रान (१९५७) भाषेत सारणीतील घटक व फलन या दोहोंसाठी गोल कंसच असत. सारणी आधी घोषित करावी लागे. अल्गॉल ६० भाषेत सारणीसाठी चौकोनी कंस आले. परंतु प्राचलरहित फलन चलासारखेच दिसे. युकिहिरो मात्सुमोतो यांच्या रूबी (१९९५) भाषेतही प्राचलरहित कार्यविधीस कंसांची सक्ती नाही. नावास मूल्य देणारी ओळ आधी आढळल्यास ते स्थानिक चल, एरवी कार्यविधी मानले जाते. हा निर्णय कार्यवाहीपूर्वीच होतो. त्यामुळे ती ओळ प्रत्यक्षात वगळली गेली, तरी चल रिक्त राहून त्याच नावाचा कार्यविधी झाकला जातो. संदेह टाळण्यासाठी नावापुढे रिकामे कंस लिहितात.