दिनविशेष : ३१ ऑक्टोबर
मालीचे थोर गिटारवादक अली फार्का तुरे यांचा जन्म १९३९ साली आजच्या दिवशी झाला. नायजर नदीकाठच्या न्याफुंके गावात ते वाढले. आधी हाती आले ते एका तारेचे ‘जुर्केल’ हे वाद्य. १९५६मध्ये गिनीचे फोदेबा केता यांची गिटार ऐकली आणि एका तारेवर घटवलेली बोटे सहा तारांवर फिरू लागली. ब्लूज संगीताचे मूळ आफ्रिकेतच, हे त्यांचे ठाम म्हणणे. त्यांना ऐकताना ते पटतेच. अमेरिकी गिटारवादक राय कूडरसोबतच्या १९९४च्या ‘टॉकिंग टिंबक्टू’ या अल्बमला ग्रॅमी मिळाले, पण त्यांची गावाकडची शेती सुटली नाही. २००४मध्ये न्याफुंकेचे नगराध्यक्ष झाल्यावर रस्ते, गटारे आणि विजेच्या जनित्रासाठी त्यांनी पदरमोड केली. मार्च २००६मध्ये बामाकोत त्यांचे कर्करोगाने निधन झाले. ‘सावान’ हा अल्बम त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात निघाला.