अंग कां आंबतें?

शेगांवाहून श्रीगजाननमहाराजांच्या पालखीबरोबर पायीं पंढरपुरास निघालेला नवखा वारकरी असो, कीं धांवण्याचा नित्यक्रम नुकताच आरंभिलेला तरुण असो, दुसऱ्या दिवशीं दोघांच्याही तोंडीं एकच वाक्य येतें: ‘अंग आंबलें.’

शास्त्रज्ञांचा समजही पुष्कळ काळ ह्याहून निराळा नव्हता. स्वीडनचे रसायनवेत्ते बर्झेलियस ह्यांना १८०७ सालीं स्नायूंत लॅक्टिक आम्ल आढळलें, आणि कालांतरानें ह्या दुखण्याचा दोष त्याच आम्लाच्या माथीं आला. १९०२ सालीं अमेरिकेंतील थिओडोर हफ ह्यांनीं मात्र, उशिरां उद्भवणारी ही वेदना स्नायूंतील तंतु फाटल्यानें होते, असें मत मांडलें. पुढील संशोधनानें सूक्ष्म इजेच्या ह्या कल्पनेस पुष्टि मिळाली. आम्ल तासा-दोन तासांत ओसरतें. वेदना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं शिगेस पोंचते. उतारावर पाय रोवतांना ताणल्या जाणाऱ्या स्नायूंना ती अधिक बाधते.

तोच व्यायाम पुन्हां केला असतां दुखणें पुष्कळ कमी होतें. म्हणून नवशिक्यानें भिऊन मैदान सोडूं नये, आणि हट्टानें मजलही वाढवूं नये. दोन दिवस सावकाश चालावें. मात्र वेदना असह्य होऊन लघवी काळसर झाल्यास, तें नुसतें आंबणें न समजतां तत्काळ डॉक्टरांकडे जावें.