पत्ता आणि मान्यता

राजदूत राजधानीत राहतो आणि राज्यसत्तेशी बोलतो. वाणिज्यदूत व्यापाराच्या शहरात राहतो आणि त्याचा संबंध त्या शहराशीच अधिक येतो. पेशव्यांच्या दरबारातील वकील मराठी वाचकाला परिचित आहे. तो एका सत्तेचा दुसऱ्या सत्तेपुढील मुखत्यार असे. वाणिज्यदूताचे मूळ काम त्याहून साधे होते : आपल्या व्यापाऱ्यांचे हित पाहणे, जहाजांचे कागद तपासणे, परक्या बंदरात अडलेल्या खलाशाला मदत करणे. परंतु एवढ्या साध्या कामासाठीही यजमान सत्तेची मान्यता लागते. कोलकात्यातील अमेरिकी वाणिज्य दूतावासाभोवती दोन शतकांत जे वाद उठले, त्यांच्या मुळाशी मान्यतेचाच प्रश्न आहे. कोणी कोणाला मानायचे, आणि ते उघडपणे की आडपडद्याने?

या प्रश्नाचा आरंभ पहिल्या वाणिज्यदूतापासूनच झाला. परराष्ट्रमंत्री टॉमस जेफरसन यांच्या सल्ल्यावरून अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १९ नोव्हेंबर १७९२ रोजी मॅसॅच्युसेट्समधील व्यापारी बेंजामिन जॉय यांचे नाव कलकत्त्यासाठी सुचविले. जॉय एप्रिल १७९४ मध्ये तेथे पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना वाणिज्यदूत म्हणून मान्य करण्याचे नाकारले. ‘व्यापारी प्रतिनिधी’ या नात्याने त्यांना राहू देण्यात आले, तेही येथील दिवाणी व फौजदारी न्यायकक्षेच्या अधीन राहण्याच्या अटीवर. त्याच सुमारास कंपनीचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट पुण्यात पेशव्यांच्या दरबारी सन्मानाने नांदत होता. मान्यताप्राप्त प्रतिनिधीचे मोल कंपनी स्वतःच्या अनुभवाने जाणत होती. आणि म्हणूनच बहुधा, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या वसाहतींच्या प्रतिनिधीला ते देण्यास ती तयार नव्हती.

मान्यता नसली तरी व्यापार थांबला नाही. नोव्हेंबर १७९४ मधील जे-कराराने अमेरिकी जहाजांना ब्रिटिश हिंदुस्थानातील बंदरे रीतसर खुली झाली. या व्यापाराचा खरा आधार होते ते रामदुलाल दे यांच्यासारखे बंगाली बनियन, म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांच्या वतीने माल जमविणारे, भांडवल पुरविणारे आणि बाजारभाव सांगणारे मध्यस्थ. कृतज्ञ अमेरिकी व्यापाऱ्यांनी १८०१ मध्ये रामदुलाल यांना वॉशिंग्टन यांचे तैलचित्र भेट दिले. ज्या अध्यक्षाच्या नियुक्तिपत्राला कंपनीने मान दिला नव्हता, त्याचे चित्र काही वर्षांतच एका बंगाली व्यापाऱ्याच्या घरी विराजमान झाले. सरकारी मान्यता आणि बाजारातील विश्वास या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे या शहराने तेव्हाच दाखवून दिले.

स्वातंत्र्योत्तर काळात वादाने वेगळे रूप घेतले. दूतावास हॅरिंग्टन स्ट्रीटवर होता. व्हिएतनामचे युद्ध पेटले तेव्हा ‘तोमार नाम, आमार नाम, व्हिएतनाम’ ही घोषणा कलकत्त्याच्या रस्त्यांवर घुमत होती. युद्धकाळातील अमेरिकी संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा जागतिक बँकेचे अध्यक्ष म्हणून १९६८ मध्ये आले, तेव्हा निदर्शनांमुळे त्यांना विमानतळावरून हेलिकॉप्टरने शहरात आणावे लागले. याच पर्वात, साठच्या दशकाच्या अखेरीस, डाव्या विचारांच्या प्रभावाखाली हॅरिंग्टन स्ट्रीटचे नाव ‘हो ची मिन्ह सरणी’ झाले. ज्या नेत्याविरुद्ध अमेरिका लढत होती, त्याचे नाव तिच्या कचेरीच्या पत्त्यात कायमचे येऊन बसले. त्याच रस्त्यावर कचेरी असलेल्या ब्रिटिश उपउच्चायुक्तालयालाही ते आपोआप चिकटले.

ही घटना बहुधा विनोद म्हणून सांगितली जाते. तिच्यातील राजकीय आशय मात्र विनोदापुरता नाही. भारत सरकारने हनोईशी राजदूत पातळीवरचे संबंध जोडले ते जानेवारी १९७२ मध्ये. अमेरिकेने व्हिएतनामशी राजनैतिक संबंध प्रस्थापित केले ते जुलै १९९५ मध्ये. दोन्ही सरकारांच्या आधी एका शहराने, आपल्या अधिकारात असलेल्या एकमेव साधनाने, म्हणजे रस्त्याच्या पाटीने, एका राष्ट्राच्या लढ्याला मान्यता देऊन टाकली होती. पाटीने बॉम्बवर्षाव थांबला नाही, हे खरे. पण परराष्ट्रधोरण ही केवळ राजधानीची मिरास नाही, एवढे त्या पाटीने नोंदवून ठेवले.

१९७१ मध्ये हाच प्रश्न अधिक गंभीर होऊन समोर आला. पूर्व बंगालमधील हत्याकांडानंतर सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. १७ एप्रिल रोजी मेहेरपूरजवळ शपथ घेतलेले बांगलादेशाचे हंगामी सरकार कलकत्त्यात ८, थिएटर रोड येथून, म्हणजे अमेरिकी दूतावासापासून हाकेच्या अंतरावरून, कारभार पाहू लागले. १८ एप्रिल रोजी पाकिस्तानचे तेथील उपउच्चायुक्त हुसेन अली यांनी बंगाली सहकाऱ्यांसह नव्या राष्ट्राशी निष्ठा जाहीर केली आणि कचेरीवर बांगलादेशाचा ध्वज चढविला. त्याआधी ६ एप्रिलला ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी, वीस अधिकाऱ्यांच्या सह्या असलेले, आपल्याच सरकारच्या मौनाचा निषेध करणारे पत्र वॉशिंग्टनला तारेने पाठविले होते. ब्लड यांना ढाक्यातून परत बोलावण्यात आले.

अमेरिकेने हंगामी सरकारला मान्यता दिली नव्हती. तरी कलकत्त्यातील दूतावासाने त्याच्याशी गुप्त संपर्क ठेवला. पुढे खुल्या झालेल्या अमेरिकी कागदपत्रांतून त्याचा तपशील कळतो. अवामी लीगचे काझी जहिरुल कय्यूम यांनी संपर्क साधून, शेख मुजीब यांना वाटाघाटीत स्थान मिळाल्यास पूर्ण स्वातंत्र्याहून कमी तडजोडही शक्य असल्याचे सुचविले. सप्टेंबरमध्ये दूतावासातील राजकीय अधिकारी जॉर्ज ग्रिफिन हे परराष्ट्रमंत्री खोंदकर मुश्ताक अहमद यांना भेटले. त्या भेटीत मात्र मुश्ताक यांनी स्वातंत्र्याचीच मागणी मांडली. हा संपर्क भारताला आणि पंतप्रधान ताजुद्दीन अहमद यांना कळला. मुश्ताक यांना संयुक्त राष्ट्रांकडे जाऊ देण्यात आले नाही, आणि युद्धानंतर त्यांचे परराष्ट्र खातेही गेले.

ऑगस्ट १९७५ मध्ये मुजीब यांची हत्या झाली आणि मुश्ताक अध्यक्ष झाले, तेव्हा कलकत्त्यातील त्या भेटींना पूर्वलक्षी अर्थ चिकटला. पत्रकार लॉरेन्स लिफ्शुल्ट्झ यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात या संबंधांविषयी प्रश्न उपस्थित केले. १९८१ मध्ये ग्रिफिन यांची दिल्लीच्या दूतावासात नेमणूक ठरली, ती भारताने स्वीकारली नाही. अमेरिकेनेही वॉशिंग्टनमधील एका भारतीय नेमणुकीस नकार देऊन परतफेड केली. इतिहासकाराला येथे सावध राहावे लागते. घटनांचा क्रम म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, आणि १९७१ च्या संपर्कातून १९७५ ची हत्या सिद्ध होत नाही. पण एवढे निश्चित की जो संपर्क उघडपणे मान्य करता येत नाही, त्याची किंमत संशयाच्या रूपाने दीर्घकाळ चुकवावी लागते. अमेरिकेने बांगलादेशाला मान्यता दिली ती ४ एप्रिल १९७२ रोजी. तोवर निर्वासित बहुसंख्येने मायदेशी परतले होते.

सरकार मान्यता देताना आपली सोय पाहते. शहराला तेवढा संयम नसतो. कंपनीने जॉय यांना नाकारले, बाजाराने अमेरिकी व्यापाऱ्यांना स्वीकारले. वॉशिंग्टनने हनोईला नाकारले, कलकत्त्याने तिच्या नेत्याचे नाव रस्त्याला दिले. शहराचे निर्णय नेहमीच न्याय्य असतात असे नाही. पण त्यांत त्या काळाचा लोकभाव उमटलेला असतो, आणि तो राजनैतिक पत्रव्यवहारात क्वचितच सापडतो. आज पूर्व भारतातील विद्यार्थी अमेरिकेला जाण्याचा परवाना मागण्यासाठी याच रस्त्यावर येतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या लेखी हो ची मिन्ह हे केवळ एका पत्त्याचे नाव असेल. त्या नावामागील भांडण मिटले आहे. ते कशासाठी झाले, हे मात्र विसरले जाऊ नये.