वर्तुळातला आकडा

कर्जत-खालापुरातल्या कुठल्याही गावचा जुना हस्तलिखित सातबारा पाहा. खातेदाराच्या नावाशेजारी छोटं वर्तुळ असतं आणि त्यात आकडा. तो फेरफार क्रमांक. हे नाव इथे कसं लागलं, ते गाव नमुना सहामधल्या त्या क्रमांकाच्या नोंदीत वाचायचं.

ही रीत ब्रिटिश अमदानीतली. त्याआधीच्या सर्व्हेच्या दप्तराला सारा कोणी भरायचा एवढ्याशीच मतलब होता. गहाण, वाटणी, कूळ यांना त्यात जागा नव्हती. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंद सुरू झाली आणि १९१३ मध्ये ती जमीन महसूल कायद्यातच आली. आज ती १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आहे. कलम १५० प्रमाणे तलाठी नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मग हस्तलिखित सातबारावर जुन्या नावाला कंस व्हायचा. ते खोडून नाहीसं करत नसत.

फेरफाराची नोंद पुन्हा बाहेरच्या कागदाकडे बोट दाखवते. खरेदी असेल तर दस्त क्रमांक आणि तारीख. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कसणारं कूळ मालक ठरलं असेल, तर कूळ कायद्याच्या कलम ३२-ग च्या हुकमाचा हवाला. ठाकूर-कातकऱ्यांची जमीन बिगरआदिवासीकडे जात असेल, तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ च्या पूर्वमंजुरीचा. पण नुसता क्रमांक टाकून भागत नाही. कोणी कोणाला, कोणत्या सर्व्हे नंबरातलं किती क्षेत्र, किती रकमेला दिलं, हा सारांशही नोंदीतच लिहितात. म्हणून घरातलं खरेदीखत पावसात कुजलं, तरी व्यवहार वाचता येतो.

२००५ मध्ये आलेल्या गिटमध्ये सॉफ्टवेअरचा प्रत्येक बदल संदेशासह नोंदवतात, तेव्हाही नुसता हवाला पुरतो का, हाच प्रश्न उभा राहतो. बरेच जण संदेशात फक्त लिंक चिकटवतात. काही वर्षांनी ते संकेतस्थळ बंद पडतं आणि बदलाचं कारण कायमचं हरवतं. लिनक्स कर्नलचे नियम म्हणूनच बजावतात: लिंक द्या, पण मुद्दा संदेशातच असा मांडा की बाहेर न जाता कळावा.

हवाला पडताळणीसाठी असतो, सारांश समजण्यासाठी. नोंद करणाऱ्याने दोन्ही लिहावेत. पुढे ती वाचणाऱ्याला विचारायला आपण तिथे नसतो.