खुर्चीच्या पोटात

खुर्ची उलटी करा. बसून पाहायचं नंतर.

तुम्ही लीड्सजवळच्या एका लिलावघरात उभे आहात. लिलाव उद्या, आज माल पाहण्याचा दिवस. बाहेर यॉर्कशायरचा बारीक पाऊस, आत मेणाचा, धुळीचा आणि ओल्या लोकरी कोटांचा वास. भिंतीशी सहा महोगनी खुर्च्या रांगेनं ठेवल्या आहेत. पाठीच्या मधल्या फळीत कोरलेली जाळी, वरची कडा धनुष्यासारखी दोन्ही टोकांना उचललेली. छापील यादीत त्यांच्यासमोर लिहिलंय, 'चिपेंडेल शैली'. या धंद्यात 'शैली' हा शब्द जपून वाचावा लागतो. यादीत नुसतं 'जॉर्ज तिसरा' असेल, तर वस्तू त्या राजाच्या काळातली, १७६० ते १८२० मधली, असं लिलाववाला सांगतोय. पुढे 'शैली' जोडलं की ती नंतर कधीतरी त्या घाटावर केलेली. एका शब्दानं शंभर-दीडशे वर्षं इकडची तिकडे होतात.

तरीही प्रत्येक खुर्ची उलटी करा. वरची बाजू पाहुण्यांसाठी असते. तिच्यावर हात फिरलेले असतात, पॉलिश चढलेलं असतं, पिढ्यान्‌पिढ्या कुणी ना कुणी ती नटवलेली असते. खालची बाजू कुणी नटवत नाही. सुतार तिथे जसा होता तसा राहतो.

पहिली खुर्ची. बैठकीच्या चौकटीच्या आत, चारही कोपऱ्यांत लाकडाचे तिकोनी ठोकळे आहेत, सरसानं चिकटवून वर स्क्रूनं आवळलेले. एका स्क्रूची खाच बरोबर मध्यावर आहे. हातानं केलेल्या जुन्या स्क्रूची खाच बहुधा जराशी सरकलेली असते आणि त्याचं टोक बोथट. हा यंत्रातून पडलेला. आता तर्जनी पट्टीच्या आतल्या, रंधा न मारलेल्या भागावरून न्या. बोटाला ओरखडे लागतात, सगळे एकाच दिशेला वाकलेले, मोठ्या वर्तुळाच्या तुकड्यांसारखे. ही गोल करवतीची खूण. डोळे मिटा, बोट तिथेच राहू द्या.

डोळे उघडता तेव्हा कानाशी तीच करवत किंचाळत असते. १९०० साल, पूर्व लंडनमधलं शोरडिच, कर्टन रोड. रस्त्यावरून हातगाड्या चालल्यात आणि त्यांच्यावर खुर्च्यांचे मनोरे. खुर्च्या पांढुरक्या, कोऱ्या, अजून पॉलिश न लागलेल्या. इथे अखंड खुर्ची करणारा माणूस शोधावा लागेल. एक जण फक्त पाय करतो, दुसरा फक्त कोरतो, तिसरा जोडतो, चौथा पॉलिश करतो, आणि माल गाडीवरून या घरातून त्या घरात फिरत राहतो. गल्लीत इंग्रजीबरोबर यिडिश ऐकू येते. पूर्व युरोपातला छळ चुकवून आलेल्या कितीतरी ज्यू कुटुंबांनी इथे हत्यारं हातात घेतली आहेत.

एका माडीवर चढा. खिडकीशी एक माणूस पाठीची फळी कोरतोय. समोर नमुना म्हणून जुनी खुर्ची. पटाशीच्या मुठीवर तो तळहाताच्या गादीनं हलकेच ठोकतो, लाकडाची वळकटी सुटते, पुन्हा ठोकतो. पैसे नगावर मिळणार, म्हणून एकही घाव वाया जाऊ द्यायचा नाही. फळी जुन्या नमुन्यापेक्षा पातळ आहे, कारण जाड लाकूड महाग. त्यामुळे कोरीव काम थोडं उथळ उतरतं. पण पानाची शीर जिथे वळते तिथे त्याचा हात क्षणभर रेंगाळतो आणि ती शीर अशी काही वळते, की तुम्ही श्वास रोखून पाहत राहता.

या माणसाला नकलाकार म्हणून मोडीत काढणं मला जमत नाही. त्यानं कुणाला फसवलेलं नाही. खुर्ची नवी आहे हे त्याला माहीत आहे, घेणाऱ्या दुकानदारालाही माहीत आहे. खोटं शिरतं ते पुढे, कुणीतरी तिच्या अंगावर न घडलेलं वय चढवतो तेव्हा. हर्बर्ट सेसिन्स्की या जाणकारानं १९३१ मध्ये अशा बनावटीच्या कलेवर अख्खं पुस्तक लिहिलं, एवढा तो उद्योग वाढला होता. वाळवीसारखा एक किडा घ्या. तो लाकूड पोखरतो आतून, बाहेर दिसतं फक्त निघून जाण्याचं बारीक गोल भोक. पृष्ठभागावर लांबच लांब उघडे चर दिसले, तर समजा की किडकं जुनं लाकूड नंतर कापून ही वस्तू घडवली आहे. किड्यानं खरं सांगितलं, माणसानं नाही.

निघण्याआधी पॉलिशवाल्याच्या खोलीत डोकवा. दारातच तुम्ही थबकता. हा वास तुमचा आहे! स्पिरिटमध्ये भिजलेल्या लाखेचा वास. दिवाळीआधी आजोळी पॉलिशवाला यायचा, पडवीत बसून लाखदाणा भिजवायचा, मलमलच्या फडक्यात कापसाचा बोळा गुंडाळून शिसवी झोपाळ्यावर आठाच्या आकड्यासारखा हात फिरवायचा, आणि तुम्हाला दोन दिवस झोपाळ्यावर बसायची बंदी असायची. इथला कारागीरही तसाच बोळा तसाच फिरवतोय. लाखही आपल्याकडचीच, कुसुम आणि पळसाच्या फांद्यांवरच्या किड्यांनी केलेली, कलकत्त्याहून जहाजानं आलेली. इंग्लंडमध्ये हे आरशासारखं पॉलिश रुजलं ते १८१५-२० नंतर. त्याआधी लाकडाला तेल किंवा मेण. नंतरच्या लोकांनी हौसेनं कितीतरी जुन्या वस्तू खरवडून त्यांच्यावर लाख चढवली आणि शंभर वर्षांची झळाळी एका दुपारी घालवली. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

(महोगनी परवडत नसेल तर वाट थोडी वाकडी करा आणि हाय विकमला उतरा. भोवतीच्या चिल्टर्न टेकड्यांतल्या बीचच्या रानात कातारी झाडाखालीच कात मांडतात. लवचीक दांड्याला दोरी बांधलेली, पायानं दाबली की लाकूड पुढे फिरतं, सोडली की मागे. तिथे विंडसर खुर्च्यांचे पाय उतरतात. बैठक एल्मची, वाकसानं खोलगट केलेली, पाठीची कमान वाफेवर वाकवलेली. १८७७ मध्ये व्हिक्टोरिया राणी आली तेव्हा गावानं रस्त्यावर चक्क खुर्च्यांची कमान उभारली. संग्रहाची सुरुवात करणाऱ्यानं पहिली वस्तू विंडसर खुर्चीच घ्यावी, असं माझं मत आहे. तिच्यात लपवण्यासारखं काही नसतं.)

परत लिलावघरात. दुसरी, तिसरी, चौथी खुर्ची, सगळ्या पहिलीच्या बहिणी. पाचवी उचलायला जाता आणि हात खाली ओढला जातो. ही जड आहे. दिसायला तशीच, पण बैठक बोटभर जास्त रुंद, फळी जाड, कोरीव काम खोल. कोपऱ्यांत ठोकळे नाहीत. पट्ट्यांच्या वरच्या कडेला तिरक्या रिकाम्या खाचा आहेत, पूर्वी तिथे कोपरा सांधणारी आडवी पट्टी बसवलेली असणार. आतल्या बाजूच्या खुणा सरळ आहेत, पण सारख्या नाहीत, एक खोल तर दुसरी उथळ. आणि जिथे बैठक टेकते त्या पट्टीत पटाशीच्या दोन तिरक्या घावांनी कोरलेला आकडा, रोमन पाच. बोट त्या आकड्यात ठेवा.

१७५५, मार्चअखेर. लंडन, सेंट मार्टिन्स लेन. गल्लीत चिखल आणि घोड्यांची लीद. दुकानात शिरा, पण तिथे फार रेंगाळू नका, सरळ मागच्या कारखान्यात चला. सरसाच्या भांड्याखाली निखारे, जनावराच्या कातड्याचा तो उग्र दर्प. खड्ड्यावर ओंडका आडवा ठेवलाय, एक करवत्या वर, एक खाली. वरचा ओढतो, खालचा ओढतो, खालच्याच्या डोळ्यांत भुसा. दर ओढीला करवत जराशी कमी-जास्त खाते. तुमच्या बोटाला लागलेल्या त्या असमान खुणा ह्या.

बाकावर सहा खुर्च्यांचे सांगाडे तयार आहेत. सुट्या बैठकी वेगळ्या. प्रत्येक सांगाडा हातानं केलेला, म्हणून एकाची बैठक दुसऱ्यात नीट बसत नाही. मग कारागीर पटाशी घेतो आणि सांगाड्यावर एक घाव, त्याच्या बैठकीवर एक घाव. पुढच्यावर दोन, दोन. चारसाठी तो चार उभ्या रेघा मारतो. कोरायला सोपं पडतं. एक मुलगा विटेची पूड जवसाच्या तेलात कालवून तयार खुर्ची घासतोय. लाकूड हळूहळू तापतं, आतून लालसर उजळतं.

मालक कुठाय? थॉमस चिपेंडेल, इथून उत्तरेला ओटली गावी १७१८ मध्ये जन्मलेला. त्याचं एकही चित्र मागे उरलेलं नाही, म्हणून तुम्हालाही तो पाठमोराच दिसतो, नकाशांच्या टेबलावर वाकलेला. शेजारी त्याचं पुस्तक पडलंय, गेल्याच वर्षी, १७५४ मध्ये निघालेलं 'डिरेक्टर'. १६० तक्ते. त्यात खुर्च्या, पलंग, कपाटं, आरशांच्या चौकटी, मापांसकट. वर्गणी भरणाऱ्यांच्या यादीत उमराव आहेत, तसे धंद्यातले सुतारही पुष्कळ आहेत. आपली रचना दुसऱ्यांनी पाहून करावी, यासाठीच त्यानं ती छापली. शोरडिचच्या माडीवरचा तो माणूस नकळत याच पुस्तकाचा वाचक होता. नक्कल या घाटाच्या जन्मातच आहे, आणि म्हणून 'अस्सल की नकली' एवढाच प्रश्न विचारला की निम्मी गोष्ट हातातून निसटते. कधी केली आणि कसल्या हातानं केली, हे विचारायला हवं.

कडेला कारागिरांच्या हत्यारांच्या पेट्या मांडल्यात. त्या मालकाच्या नाहीत. रंधे, पटाश्या, करवती, सगळं ज्याचं त्याचं, कैक वर्षं पोट बांधून जमवलेलं. त्या पेट्या नीट पाहून घ्या. येत्या एप्रिलमध्ये इथे आग लागणार आहे आणि २२ कारागिरांच्या पेट्या तिच्यात जाणार आहेत. तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटतं. आवाज फुटत नाही.

ही पाचवी खुर्ची याच कारखान्यातली का? तसं म्हणता येत नाही. चिपेंडेल आपल्या कामावर शिक्का मारत नसे. त्याचं म्हणून जे ओळखलं जातं त्यातलं सगळ्यात भक्कम ते बिलांवरून, पत्रांवरून. लीड्सजवळचं हेअरवुड हाउस हे त्याचं सर्वांत मोठं काम. डायना आणि मिनर्व्हा या देवतांची जडावाची चित्रं असलेलं तिथलं कपाट १७७३ च्या बिलात ८६ पौंडांना लावलेलं आहे. त्या वाड्याचे मालक लॅसल्स घराणं. त्यांचा पैसा वेस्ट इंडिजमधल्या साखरेचा आणि ती पिकवणाऱ्या गुलामांच्या घामाचा. तो जडाव पाहताना माझे डोळे निवतात, आणि लगेच हेही आठवतं. दोन्ही बरोबरच ठेवावं लागतं.

लाकूडही तिकडचंच. १७२१ मध्ये इंग्लंडनं अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींच्या लाकडावरची जकात उठवली आणि महोगनी येऊ लागली, आधी जमैकाहून, पुढे क्युबा आणि होंडुरासच्या आखातातून. बोट आता आकड्यावरून काढून लाकडाच्या रेषेवर ठेवा. या वेळी काळाची उडी थोडी पुढे पडते. १८०० च्या सुमारास, आजच्या बेलिझच्या रानात, खुर्चीनंतर एका पिढीनं तुम्ही उतरता.

रात्र आहे, पण रान जागं आहे. दिवसा उन्हात बैल कोसळतात, म्हणून ओंडके रात्री ओढायचे. पाइनच्या मशाली पेटल्यात. बैलांच्या जोड्यांमागून जोड्या, साखळदंडांचा खणखणाट, आणि घामानं चकाकणारी उघडी अंगं. ही माणसं आफ्रिकेतून विकून आणलेली, किंवा तशांची मुलं. ऑगस्टमध्ये त्यांच्यातलाच एक जण उंच झाडावर चढला होता. महोगनीची पानं त्या दिवसांत पिवळी-तांबूस होतात. त्यानं वरून रानावर नजर फिरवून तो रंग हेरला आणि वाट न चुकता त्या झाडापर्यंत माणसं नेली. बुंध्याला खाली रुंद आधारमुळं असतात, म्हणून बारा फुटांवर मचाण बांधून वर उभं राहून घाव घातले. एवढं रान वाचता येणाऱ्या त्या माणसाचं नाव एकाही खुर्चीखाली सापडत नाही. मशालीचा उजेड ताज्या कापावर पडतो. आत तोच लालसर रंग.

ही झाडं आता इतकी विरळ झाली आहेत, की त्यांच्या लाकडाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानं बंधनं आहेत. शोरडिचच्या प्रतीतसुद्धा आज मिळायला कठीण असं लाकूड आहे, हे तिची किंमत करताना ध्यानात असू द्या.

लिलावघर. पाऊस थांबलाय. सहावी खुर्ची उचलता, तीही जड. आकडा रोमन दोन. म्हणजे यादीतल्या 'शैली'खाली सहांतल्या दोन खऱ्या जुन्या निघाल्या. मूळ संच कधीतरी फुटला आणि उरलेल्या दोघींना सोबत म्हणून चार नव्या केल्या. फसवायला? जेवणाच्या टेबलाभोवती सहा माणसं होती, एवढंच कारण पुरेसं आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. पाचव्या खुर्चीची बैठक एका कोपऱ्यात उचलली जाते, दाबली की डुगडुगते. ती खालून ढकलून बाहेर काढा. बीचच्या जुन्या चौकटीवर कापडांचे थर आणि कोपऱ्यात, खिळ्यांच्या भोकांमधून कसाबसा दिसणारा आकडा, दोन रेघा. आता सहावीची बैठक काढा. तिच्यावर पाच.

इकडेतिकडे पाहू नका. पाचाची बैठक पाचात ठेवा, दोनाची दोनात. तळहातानं हळूच दाबा. लाकडावर लाकूड टेकल्याचा एक ठोस, बुटका आवाज येतो, आणि बैठक चारही कोपऱ्यांत सपाट बसते.