सिंहगडाचे दोन मावळे

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीची ‘यशवंती’ घोरपड आपल्या निलंग्यातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातली. सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. तीत दोन निवडक मावळे सिंहगडाचा कडा चढतात, वरून माळ लावतात, आणि मग तानाजीसह तीनशे माणूस वर जाते. दोघांची नावे बखरकार देत नाही.

त्यांचा भार कशावर होता? बोटे मिटविणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर व मनगट यांच्यामध्ये असतात. तेथून निघणाऱ्या कंडरा बोटाच्या हाडावरील चिवट पट्ट्यांखालून ओवलेल्या असतात; मोटेचा नाडा चाकावरून वळतो तसा हा ओढ वळतो. अरुंद खाचेत मधला सांधा मुडपून बोट रोवले की सर्वांत मोठा ताण पहिल्या पेरावरच्या पट्टीवर येतो. पाय निसटला तर ती फाटते, आणि कंडरा धनुष्याच्या दोरीसारखी हाडापासून सुटते. बोलेन या इंग्रज शल्यवैद्याने प्रस्तरारोहकांतील ही दुखापत १९९० मध्ये शास्त्रीय नियतकालिकात मांडली.

मावळ्यांच्या बोटांचे काय झाले, बखर सांगत नाही. माळ मात्र खाली आली.